भाराचा ठावठिकाणा

हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात, चंद्रा आणि भागा या दोन नद्या जेथे एकमेकींस मिळतात त्या तांदी नावाच्या लहानशा गावी एक पेट्रोलपंप आहे, आणि यापुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर असल्याची ताकीद देणारा तेथील फलक मनालीहून लेहकडे जाणाऱ्या वाहनचालकांच्या कित्येक वर्षांच्या परिचयाचा आहे. सायकलीला इंधन लागत नसल्यामुळे ही ताकीद सायकलस्वाराला वस्तुतः गैरलागू. तथापि त्या आकड्याच्या पोटात जो दुसरा मजकूर दडलेला आहे, तो त्याच्याइतका दुसऱ्या कोणालाही जाचक होत नाही. दार्चा हे गाव मागे पडले की, ४,८९० मीटर उंचीची बारालाचा, ५,००० मीटरांना मागे टाकणारी लाचुंग आणि ५,३२८ मीटरांवरची तांगलांग अशा खिंडी ओलांडून रुमत्से या लडाखी गावापर्यंत पोहोचेतो ना बाजारपेठ, ना सायकलीचे दुकान, ना बारमाही वस्ती. म्हणूनच जून ते सप्टेंबर या हंगामात मनालीच्या उतारगृहांच्या अंगणात प्रस्थानाच्या आदल्या संध्याकाळी जे दृश्य हमखास पाहावयास मिळते, ते या सर्व खटाटोपाचे खरे नांदीवाचन होय: जमिनीवर प्लास्टिकचा कागद पसरलेला, त्यावर यच्चयावत जिन्नस ओळीने मांडलेले, एकाच्या हाती हुकाचा वजनकाटा, दुसऱ्याच्या हाती यादी, आणि काय घ्यावे व काय मनालीतच ठेवून जावे यावर सख्ख्या मित्रांतही वितुष्ट येईल इतक्या निकराने चाललेला वाद.

या मार्गावर स्वारांचे दोन पंथ सहज ओळखू येतात. पहिला जुना व प्रतिष्ठित. त्याच्या सायकलीला मागे आणि बहुधा पुढेही कॅरिअर जडवलेले, त्याच्या दोन्ही अंगांना पॅनिअर लोंबणारे, वर आडवा तंबू, आणि एकंदर सरंजाम पंचवीस किलोंच्या घरात. दुसरा पंथ अलीकडचा. त्याला कॅरिअरच मान्य नाही. सायकलीच्या सांगाड्यातील त्रिकोणात नेमकी बसणारी एक पिशवी, बैठकीखालून मागे निमुळती होत गेलेली दुसरी, आणि हँडलबारला आडवी बांधलेली, जुन्या काळच्या रेल्वेप्रवासातील वळकटीची आठवण करून देणारी तिसरी, एवढ्यात त्याचा सारा संसार आटोपतो. अन्न, पाणी आणि इंधन वगळून उरणारे ‘मूळ वजन’ पाच ते सात किलोंवर जाऊ द्यावयाचे नाही, हा त्याचा बाणा. बाइकपॅकिंग या नावाने आज जगभर रूढ झालेल्या या रीतीची काही ठळक पाळेमुळे अलास्कात सापडतात, कारण १९८७ पासून तेथे हिवाळ्यातील बर्फाळ पायवाटांवर सायकलींच्या शर्यती होऊ लागल्या, आणि बर्फातून सायकल हाकताना दोन्ही अंगांना फुगलेले सामान चाकांपेक्षाही मोठा अडथळा होऊन बसते हे त्या शर्यतवाल्यांना प्रथम कळून चुकले. अँकरेज येथील एरिक पार्सन्स या गृहस्थाने शिवणयंत्रावर अशा पिशव्या शिवून विकण्यास प्रारंभ केला. त्याचा तो उद्योग पुढे रेव्हलेट डिझाइन्स या नावाने प्रसिद्धीस आला. दुर्गम वाटांवर कॅरिअरची खरी दुखणी दोन: अखंड हादऱ्यांनी त्याचे स्क्रू ढिले होतात आणि सांधे तडकतात, उलट पट्ट्यांनी आवळून बांधलेल्या पिशवीत सैल होण्याजोगा स्क्रूच नसतो.

आता शास्त्राकडे वळू, कारण या विषयात श्रद्धेचा भाग फार माजला आहे. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटरांवर आणि रोहतांग ३,९७८ मीटरांवर. म्हणजे पहिल्याच टप्प्यात १,९०० मीटरांहून अधिक चढ. दहा किलो जादा ओझे एवढ्या उंचीवर नेण्यासाठी जे निव्वळ यांत्रिक काम करावे लागते, ते केवळ ४५ किलोकॅलरींचे. स्नायूंची कार्यक्षमता सुमारे पाव धरली, तर आहारातून त्यासाठी खर्ची पडणारी ऊर्जा १८० किलोकॅलरींच्या आसपास, म्हणजे अवघ्या दोन पोळ्यांची. दात घासण्याच्या ब्रशचा दांडा करवतीने निम्मा कापून त्यात पुरुषार्थ मानणाऱ्या मंडळींनी हा हिशेब एकदा भिंतीवर लिहून ठेवावा. वेळेच्या बाजूने पाहिले तर पारडे थोडे झुकते: सातत्याने १०० वॅट शक्ती लावू शकणाऱ्या सामान्य स्वाराला त्या दहा किलोंपायी रोहतांगच्या चढावर सुमारे अर्धा तास अधिक लागेल. अर्धा तास काही थोडा नव्हे. पण ज्या प्रवासाला आठ-दहा दिवस लागावयाचे, त्यात तेवढ्यासाठी कोणी हजारो रुपये मोजावेत असेही नव्हे.

ओझ्याचा खरा जाच चढावरच्या कामात नसून अन्यत्र आहे. दुपारी ऊन तापून बर्फ वितळू लागले की रस्त्यावरून धावणारे नाले फुगतात, आणि तेव्हा सायकल सामानासकट उचलून दगडादगडांवरून पलीकडे न्यावी लागते. पंचवीस किलोंच्या सरंजामाची सायकल अशा वेळी एकट्याच्याने उचलत नाही, मग तीन खेपा होतात, आणि तिन्ही खेपांना पाय गोठवणाऱ्या पाण्यात उतरावे लागते. तांगलांगच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर आलेला असतो; तेथे पायी ढकलण्याची पाळी आली तर प्रत्येक किलो आपली स्वतंत्र हजेरी लावतो. शिवाय जिन्नस जितके अधिक तितका ते उलगडण्याचा आणि पुन्हा बांधण्याचा व्याप अधिक, आणि थंडीने बोटे वाकत नसताना रोज पहाटे हा व्याप करणे हे स्वाराच्या उत्साहावर पडणारे सर्वांत मोठे ओझे असते. ते कोणत्याही काट्यावर तोलले जात नाही.

येथवर हलक्या सामानाच्या बाजूने बोललो. परंतु या पंथाची वकिली करणारे लेखन वाचताना एक प्रश्न मनात वारंवार उभा राहतो, आणि त्याचे उत्तर त्या लेखनात क्वचितच मिळते: यादीतून वजा केलेला भार जातो कोठे? माझे मत असे झाले आहे की तो नाहीसा होत नाही. कोणाच्या तरी खाती वर्ग होतो. कधी तो स्वाराच्या थैलीवर पडतो, कधी त्याच्या कौशल्यावर, कधी वाटेवरच्या परक्या माणसांवर, आणि कधी निव्वळ दैवावर.

मनाली-लेह मार्गाचेच पाहा. ज्या स्वाराने तंबू, स्टोव्ह आणि शिधा यांना फाटा दिला, तो भरतपूर, सरचू, पांग या ठिकाणच्या ढाब्यांवर विसंबलेला असतो. पॅराशूटच्या कापडाच्या त्या तंबूंत ओळीने अंथरलेल्या गाद्या, जाडजूड रजया, प्रेशर कुकरमधला राजमा-भात, मॅगी आणि अंड्याची पोळी हे सारे तयार असते. मात्र त्या रजया आणि ते तांदूळ डोंगरावर आपोआप उगवलेले नसून कोणी तरी ट्रकात घालून वर आणलेले असतात. म्हणजे तेवढ्या किलोंची वाहतूक डिझेलवर झाली आणि रखवाली ढाबेवाल्यावर पडली, इतकेच. हंगाम सरून ही ठाणी उठली, किंवा दरड कोसळून रस्ता मध्येच बंद पडला, की पाच किलोंच्या यादीचा तोल क्षणात ढळतो. अमेरिकेतील ‘टूर डिव्हाइड’ ही कॅनडातील बॅन्फपासून मेक्सिकोच्या सरहद्दीवरील अँटिलोप वेल्सपर्यंत सुमारे ४,४०० किलोमीटर चालणारी शर्यत २००८ पासून होत आहे, आणि तिचा शिरस्ता या बाबतीत मोठा प्रामाणिक वाटतो: वाटेत जे दुकान, जी खाणावळ, जे वसतिगृह कोणाही येणाऱ्याजाणाऱ्याला खुले असेल त्याचा लाभ घ्यावा, परंतु आपल्यासाठी म्हणून आगाऊ ठरवलेली कोणाचीही मदत घेऊ नये. भार कोणावर टाकता येईल याची सीमा तेथे नियमानेच आखून दिलेली आहे.

मराठी वाचकाला या वादात नवलाई वाटण्याचे कारण नाही. लढाऊ फौजेच्या पाठीशी चालणारे बुणगे, कबिले आणि यात्रेकरू यांनी १७६०-६१ च्या मोहिमेचे पाय कसे जखडले, आणि जड सामान व कुटुंबकबिला मागे ठेवून सड्या फौजेनिशी पुढे जाण्याचा सल्ला मल्हारराव होळकरांसारख्या मुरब्बी सरदाराने कसा दिला, याची चर्चा आपल्याकडील इतिहासकार पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. त्या चर्चेत एक मुद्दा बहुधा मागे पडतो: सडी फौज हलकी असते, कारण तिचा दाणावैरणीचा भार ज्या मुलखातून ती जाते त्या मुलखातील रयतेवर पडतो.

गिर्यारोहणाच्या इतिहासातही हेच नाटक निराळ्या पोशाखात घडले. १९५३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेचे सामान वाहण्यास साडेतीनशेहून अधिक हमाल लागले. परंतु त्याच्या एकोणीस वर्षे आधी, १९३४ मध्ये, एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोन इंग्रज आंग थारके, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांसह ऋषिगंगेच्या भयंकर घळीतून नंदादेवीच्या अंतर्गर्भात शिरले होते, जेथे तोवर मनुष्याचे पाऊल पोहोचल्याचा दाखला नव्हता. उन्हाळाभराच्या त्यांच्या भटकंतीचा एकूण खर्च तीनशे पौंडांच्या आत बसला. हे दोघे युरोपीय डबाबंद खाद्यांचे पेटारे बरोबर न बाळगता शेर्पांच्या पंक्तीला बसून त्यांचेच अन्न खात, आणि सामानाच्या काटकसरीचा त्यांचा हा कित्ता पुढील पिढ्यांनी अक्षरशः पूजिला. पण पूजा करताना दोन गोष्टी नजरेआड होतात. घळीच्या तोंडापर्यंत सामान नेण्यासाठी डोटियाल हमाल ठरवलेले होते, म्हणजे इंग्रजांचे हलकेपण सर्वस्वी त्यांच्याच पाठीवर नव्हते; आणि त्याच वर्षी बद्रीनाथहून केदारनाथच्या बाजूला पाणलोट ओलांडताना पलीकडच्या घनदाट जंगलात शिधा संपल्यावर या पाचांना बांबूचे कोंब शिजवून दिवस काढावे लागले. ते कोंब ओळखणे आणि शोधणे हे शेर्पांचे कसब. यादीतील पिठाची पिशवी हलकी झाली, ती त्या कसबाच्या भरवशावर.

सायकल आणि राहुटी यांची गाठ घालून देण्याचे श्रेय मात्र एका शिंप्याला आहे, आणि ही गोष्ट मला फार उद्बोधक वाटते. लंडनचा थॉमस हायरम होल्डिंग हा व्यवसायाने शिंपी. सायकलीवरून राहुटीसह आयर्लंडातील कॉनेमारा प्रांत हिंडून त्याने १८९८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, १९०१ मध्ये सायकलवरून मुक्काम करणाऱ्यांची संस्था स्थापिली आणि १९०८ मध्ये तंबूनिवासाची एक जाडजूड पुस्तिका प्रसिद्ध केली. कापडाची नस ओळखणाऱ्या माणसाच्या हातून या विद्येचा पाया घातला गेला, आणि पुढेही तिची प्रगती कापडावरच होत राहिली. आज सर्वांत हलक्या राहुट्या ज्या डायनीमा कापडाच्या बनतात, ते मूळचे शिडाचे कापड; १९९२ च्या अमेरिकाज कप नौकाशर्यतीच्या निमित्ताने ते नावारूपास आले. वजनाला अतिशय हलके असलेले हे कापड पाणी शोषीत नाही आणि भिजून सैल पडत नाही, त्यामुळे दोन माणसांची राहुटी सहाशे ग्रॅमच्या आसपास बसते. किंमत मात्र सहाशे-सातशे डॉलर. येथे भार थैलीच्या खाती गेला. सिलिकॉन चढवलेल्या नायलॉनची राहुटी याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते. ती काहीशी जड असते आणि पावसात ताण सोडते, म्हणून रात्री उठून दोऱ्या आवळाव्या लागतात. ज्याची झोप सावध आहे त्याने नायलॉनवर संतुष्ट राहण्यास हरकत नाही.

टायटॅनियमच्या भांड्यांविषयीचा हव्यास तर मला समजलेलाच नाही. हा धातू पोलादाहून हलका खरा, पण ॲल्युमिनियमहून जड. तो मजबूत असल्यामुळे पातळ पत्र्याचे भांडे बनते एवढाच त्याचा लाभ. उष्णता तो ॲल्युमिनियमच्या मानाने फारच सावकाश पसरवतो, आणि म्हणून त्यात पाणी उकळणे ठीक, परंतु भात लावला तर तळाशी करपलेला आणि वर कच्चा असा निघतो. त्यातून पांगसारख्या साडेचार हजार मीटरांवरच्या ठिकाणी पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळते, आणि त्या पाण्यात डाळ कितीही वेळ ठेवली तरी शिजण्याचे नाव घेत नाही. ढाबेवाल्यांचे प्रेशर कुकर शौकापोटी वर चढलेले नाहीत. अशा ठिकाणी आपल्या पूर्वजांच्या शिदोरीकडे वळावे हे बरे. पोहे थंड पाण्यातही भिजतात, सातूच्या पिठाला विस्तव लागत नाही, आणि शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक किलोकॅलरी भरलेल्या असतात. त्यांच्या जोडीला गूळ घेतला तर स्टोव्ह, भांडे आणि इंधन हा अख्खा विभागच यादीतून वगळता येतो. गरम चहावाचून पहाट होत नाही असे ज्यांचे असते त्यांनी अर्थात हा सल्ला मनावर घेऊ नये. आणि स्टोव्ह न्यावयाचाच असेल, तर गॅसची डबी विमानात कोणत्याही सामानातून नेता येत नाही, ती मनालीत किंवा लेहमध्येच घ्यावी लागते, हे ध्यानात ठेवावे.

पिसांच्या झोपण्याच्या पिशवीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण चुकीच्या मुलखात नेलेली उत्तम वस्तू किती निरुपयोगी ठरते याचे तिच्याइतके चांगले उदाहरण नाही. बदक किंवा हंस यांची मऊ पिसे स्वतः उबदार नसतात. ती फुलून आपल्या जाळ्यात जी हवा अडकवतात ती हवा शरीराची ऊब राखते. यावरून दोन गोष्टी ओघानेच निष्पन्न होतात. एक तर अंगाखाली दबलेली पिसे निरर्थक होत, म्हणून पाठीकडचा भागच कापून टाकून केवळ पांघरुणासारखी रजई वापरण्याची चाल पडली, आणि त्यातून वाचलेल्या वजनाचा भार खालच्या मॅटवर गेला. मॅट कमी प्रतीची असेल तर लडाखची जमीन रात्रभर पाठीतून ऊब ओढून घेते, मग वर काहीही पांघरा. दुसरे असे की ओल लागताच पिसे चिकटून बसतात आणि हवा अडकवण्याचा त्यांचा धर्म सुटतो. लडाखच्या कोरड्या हवेत ही भीती थोडी; पण आषाढ-श्रावणात हरिश्चंद्रगडावर किंवा राजमाचीला जाणाऱ्याने ही किमती वस्तू सॅकमध्ये घातली, तर तो पाणी प्यालेला एक गोळा खाली उतरवून आणील. सह्याद्रीच्या पावसात कृत्रिम तंतूंची पिशवी बरी, आणि तिच्याहून जुना तोडगा आपल्या धनगरांच्या खांद्यावर अद्याप आहे: घोंगडी. ती वजनाने हलकी नाही, लवकर वाळतही नाही. परंतु लोकर भिजूनही ऊब पुष्कळशी राखते. मावळात आणि कोकणात लावणी करणाऱ्या बायकांच्या डोकीवरचे पानांचे इरले हे तर पाठ झाकून दोन्ही हात मोकळे ठेवणारे आणि आतून वारा खेळू देणारे पाऊसवस्त्र आहे, आणि हा शेवटचा गुण हजारो रुपयांच्या जाकिटांना अजून नीटसा साधलेला नाही.

पैशावाचून हलके होता येते, याचा सर्वमान्य दाखला म्हणजे एमा गेटवुड. ही अमेरिकन आजीबाई १९५५ साली वयाच्या ६७ व्या वर्षी घरी शिवलेली डेनिमची थैली खांद्यावर टाकून आणि पायांत साधे कॅनव्हासचे बूट घालून तीन हजारांहून अधिक किलोमीटरांची ॲपालेचियन पायवाट एकटीने एका हंगामात चालून गेली. तंबूऐवजी तिच्याजवळ न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा होता. कित्येक रात्री तिने वाटेवरच्या अनोळखी घरांची दारे ठोठावली, आणि ती उघडली गेली. तिच्या धैर्याविषयी शंका नाही. पण तिच्या यादीची नक्कल करू पाहणाऱ्याने त्या घरांचाही हिशेब मांडावा.

यादीत काय राखावे, याचा निवाडा वजनापेक्षा वाटेत काय मिळेल यावर करावा, असे मला वाटते. पंक्चर काढणारा ट्रकवाल्यांच्या रस्त्यावर कोठे तरी भेटतो, चाकाची तार मिनतवारीने सरळ होते, फाटलेली पिशवी सुतळीने शिवता येते. परंतु मागील गियरचे यंत्र सांगाड्याला जेथे लटकते तो अंगठ्याएवढा धातूचा तुकडा, ज्याला हँगर म्हणतात, मुद्दामच नरम धातूचा केलेला असतो, जेणेकरून सायकल आदळली असता सांगाड्याऐवजी तो मोडावा. आणि त्याचा आकार बहुशः सायकलीगणिक निराळा असल्यामुळे मनाली ते लेह या पट्ट्यातच काय, मुंबईतही तो हाताशी मिळेलच असे नाही. वीस-पंचवीस ग्रॅमचा हा तुकडा जवळ नसला, तर उरलेला मार्ग ट्रकच्या हौद्यातून काटावा लागतो. साखळीची जोडकडी आणि गियरची एक जादा केबल यांनाही हाच न्याय. उबदार कपड्यांच्या बाबतीत तर काटकसरीला मुळीच वाव देऊ नये: जून महिन्यातही बारालाचावर बर्फ पडते, आणि विरळ हवेने डोके दुखू लागलेल्या माणसाला उतरून जाण्याचे बळ अंगावरच्या उबेतून मिळते.

एक जिन्नस असा आहे की तो वगळण्याचा निर्णय कायद्यानेच आपल्यासाठी घेतलेला आहे. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे शंभर ग्रॅमचे यंत्र परदेशांतील स्वार जिवाची हमी म्हणून सर्रास बाळगतात. भारतात मात्र दूरसंचार खात्याच्या परवानगीवाचून ते जवळ ठेवणे गुन्हा आहे, आणि ते सामानात सापडल्यामुळे परदेशी प्रवाशांना पोलिसांनी अडकवून ठेवल्याची उदाहरणे वृत्तपत्रांतून आलेली आहेत. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिमही लडाखमध्ये चालत नाही. तेव्हा हा भार पुन्हा माणसांकडेच सोपवावा लागतो. आपण निघालो किती वाजता, आज कोठवर पोहोचण्याचा मनसुबा आहे आणि मागे कोणी साथीदार आहे काय, हे मुक्काम सोडताना ढाबेवाल्याला सांगावे, पोलीसचौकीवर नोंदवही असेल तेथे नाव-गाव वाचता येईल अशा अक्षरात लिहावे, आणि पांगच्या लष्करी तळावरून जाताना प्रकृतीची कुरबूर असेल तर संकोच न धरता तेथेच बोलून दाखवावी. पुढे मोरेच्या चाळीस किलोमीटरांच्या पठारावर वाऱ्याखेरीज बोलण्यास सहसा कोणी भेटत नाही.